साळवेबाईंचे हात

मी बोलणारा माणूस आहे. तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यात जुन्या कुणालाही विचारा. माने तोंडाचा फाटका, भावाला चिवट आणि भडकला की समोर साहेब आहे की शिपाई ते न बघणारा. भंगारवाल्यापासून फॅक्टरी इन्स्पेक्टरपर्यंत कुणाला काय काय ऐकवलं, ते मी चारचौघांत रंगवून सांगत आलो. पण ही एक गोष्ट त्यात कधी आली नाही. दोन पेग पोटात गेल्यावरही आली नाही. बायको होती तोवर तिला माहीत नव्हती, मुलांना आजही माहीत नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण वगैरे काही नाही. सांगतोय, एवढंच.

आधी साहेब लोकांबद्दल बोलू द्या. ते बोलणं मला सोपं जातं.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीचा सुमार. ठाणे-बेलापूर रस्त्यावर सरकारी अनुदानावर चालणारी एक प्रयोगशाळा होती. नाव सांगत नाही, आता त्या जागी गोदाम आहे. तिथल्या डायरेक्टरसाहेबांच्या मनात आलं की जबड्याच्या हाडात बसवायचा धातूचा स्क्रू — ज्याच्यावर खोटा दात चढवतात तो — आपल्या देशात बनवावा. तोवर तो बाहेरून यायचा आणि फक्त पैसेवाल्यांच्या तोंडात जायचा. कल्पना चांगली होती. पण बनवणार कोण? त्या इमारतीत पदव्या ढीगभर होत्या, लेथवर उभा राहू शकेल असा एकही माणूस नव्हता. म्हणून मला बोलावलं.

मी कराडकडचा. सातवी पास. कुर्ल्याच्या एका शेडमध्ये लेथवर काम शिकलो, नंतर तुर्भ्याला गाळा घेतला. रॉकेलच्या स्टोव्हचे पितळी बर्नर आणि नळांचे पितळी भाग, हे माझं रोजचं काम. स्क्रूसाठी लागणारं टायटॅनियम मी एका केमिकल कारखान्याच्या भंगारातून उचललं. भंगारवाल्याला तो धातू कोणता हे ठाऊक नव्हतं आणि मी त्याला ठाऊक होऊ दिलं नाही. प्रयोगशाळेतल्या लोकांना हाच धातू मागवायला सरकारी कागदांची सहा महिन्यांची वारी करावी लागली असती. मी तो सायकलच्या कॅरियरवर बांधून आणला.

आणि या लोकांनी मला काय दिलं? खुर्ची दिली नाही. दीड वर्ष मी त्या इमारतीत जात होतो. दीड वर्षात डायरेक्टरसाहेबांच्या केबिनमध्ये मी बसलो तो एकच दिवस, तो पुढे येईल. "माने, उभ्याउभ्याच सांगतो, दोन मिनिटांचं काम आहे." दोन मिनिटांची वीस मिनिटं व्हायची. समोर तीन खुर्च्या रिकाम्या असायच्या. माझ्या पँटला तेलाचे डाग असायचे हे खरं आहे. पण रेक्झिनच्या खुर्चीला तेलाने काय होतं? पुसलं की जातं.

बघा, मी पुन्हा त्यांच्यावरच घसरलो. इतकी वर्षं हेच करतोय. ही गोष्ट मनात आली की मी आधी त्या खुर्च्या आठवतो, म्हणजे पुढचं आठवायला लागत नाही.

पुढचं म्हणजे साळवेबाई.

शालिनी साळवे. जालन्याकडच्या, बौद्ध. भावाच्या घरी दिघ्याला राहायच्या. वय तिशीच्या आत, लग्न झालेलं नव्हतं. एम.एस्सी. होत्या पण जागा हंगामी. वर्षाच्या शेवटी काम बघून कायम करू, असं त्यांना लिहून दिलेलं होतं. घरात कायम पगार आणणारं दुसरं कुणी नव्हतं. भाऊ दिघ्याच्या कारखान्यात बदली कामगार होता. हे सगळं त्यांनी कधी रडगाणं म्हणून सांगितलं नाही. बसची वाट बघताना सहज निघालेलं बोलणं, त्यातून मला कळलं.

त्यांचं काम असं होतं. मी टायटॅनियमच्या चकत्या बनवायच्या, आठ आण्याच्या नाण्याएवढ्या. बाई त्या धुवायच्या, उकळायच्या, काचेच्या बशीत ठेवायच्या आणि त्यांच्यावर उंदराच्या जिवंत पेशी सोडायच्या. गुलाबी रंगाच्या पाण्यात, अंगाएवढ्या उबेत. त्या पेशी धातूला धरून राहतात का, पसरतात का, जगतात का — हे बघायचं. पेशी ज्या धातूवर जगत नाहीत तो धातू माणसाच्या हाडात कसा घालणार?

आता अडचण बघा. काचेवरची पेशी बघायची तर खालून उजेड सोडायचा आणि वरून डोळा लावायचा. धातूतून उजेड जातो का? नाही जात. चकतीवर जिवंत काय आणि मेलेलं काय, काहीच दिसणार नाही. त्या इमारतीतल्या दोन डॉक्टरेटवाल्यांनी इथे हात टेकले होते. पेशी मारून, रंगवून, सुकवून मग बघू, असं ते म्हणत होते. बाईंनी ऐकलं नाही. मेलेली पेशी बघून ती जिवंत होती का हे कसं कळणार, असं त्या म्हणाल्या. त्यांनी एक रंग शोधून काढला. जिवंत पेशी तो पिते आणि मग निळा उजेड वरून मारला की ती हिरवी पेटते. मेलेली पेशी काळीच राहते. पडदे लावलेल्या खोलीत, भरदुपारी, पंखा बंद करून — वाऱ्याने बशी थंड व्हायची — त्या एकेका चकतीचे फोटो घ्यायच्या. एका जागेचा एकच फोटो मिळायचा. उजेड जास्त वेळ पडला की हिरवेपणा विझायचा.

मला त्यांनी पहिल्यांदा ते दाखवलं तेव्हा म्हणाल्या, "मानेभाऊ, वाका अजून. डोळा चिकटवू नका, जरा लांब ठेवा. दिसायल्यात का?"

मला दिसल्या. माझ्या चकतीवर, माझ्या लेथच्या बारीक रेघांवर, हिरव्या, हातपाय पसरलेल्या शेकडो पेशी. मी म्हणालो, "ह्या काय करतायत?"

"राहायल्यात," बाई म्हणाल्या. "तुमच्या घरात राहायला आल्यात. भाडं मागू नका."

त्या इमारतीत माझ्याशी विनोद करणारं तेवढंच एक माणूस होतं. मला स्टुलावर बसवायच्या. आपल्या थर्मासमधला अर्धा चहा मला द्यायच्या. मी तो प्यायचो. आणि — हेही सांगतो, लपवून काय करू — पिताना मनात स्वतःची पाठ थोपटायचो. आमच्या गावच्या घरी त्यांच्या लोकांसाठी दाराबाहेरच्या कोनाड्यात वेगळा कप असायचा. मी मात्र बघा कसा बिनदिक्कत पितो. असल्या माणसाला काय म्हणायचं? चहा पितो आणि त्याची पावती स्वतःच्याच नावाने फाडतो.

चकत्या कशा हव्यात हे बाईंनी मला सुरुवातीला कागदावर लिहून दिलं होतं. लेथवर उतरवायच्या, बारीक पॉलिश पेपरवर पाणी टाकून घासायच्या, साबणाने धुवायच्या. चाकावर चमक आणायची नाही. त्या ओळीखाली त्यांनी दोनदा रेघ मारली होती. पहिल्या चाळीस चकत्या मी तशाच दिल्या. राखाडी, मंद. त्यांच्यावर पेशी मजेत जगल्या. तो हिरवा फोटो त्यातलाच.

मग डायरेक्टरसाहेबांनी मला एकदा केबिनमध्ये बोलावलं — उभं राहायला — आणि एका हातात माझी चकती आणि दुसऱ्या हातात परदेशी स्क्रू घेतला. स्क्रू खिडकीकडे धरून म्हणाले, "हे फिनिश बघा माने. आरशासारखं. हे आपल्या लोकांना जमायचं नाही." माझी चकती त्यांनी टेबलावर टाकली. ठेवली नाही, टाकली. ती घरंगळून जमिनीवर पडली आणि मी वाकून उचलली.

तुम्ही माझ्या जागी काय केलं असतं, असं मी विचारणार नाही. तुम्ही काय केलं असतं त्याच्याशी मला काय करायचंय?

दंतवैद्यांची एक कमिटी मुंबईहून येणार होती, त्यांच्यासाठी दुसरी खेप हवी होती. मी गाळ्यावर आलो आणि बाळाराम पाटलाला म्हणालो, या चकत्या चाकावर घे. बाळाराम तळवलीचा आगरी, पन्नाशीचा, आमचा पॉलिशवाला. त्याचं बफचं चाक — कापडाच्या थरांचं, हिरवं पॉलिश चोळलेलं — दिवसभर पितळेवर चालायचं.

तो म्हणाला, "शेट, बाईंनी चमक नको बोल्ली ना?"

"बाई लेथ चालवते का तू चालवतोस?"

"तसा नाय. पन हा चाक पितलेचा हाय. दुसरा चाक नाय आपल्याकं."

"घास रे. तुझं काम घासायचं."

त्याने घासल्या. अशा घासल्या की त्यात माझी मिशी दिसत होती. आमच्या धंद्यात मंद दिसणारा भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यायला लाज वाटते. चमक असली की गिऱ्हाईक भाव पाडत नाही, हे मी पंचवीस वर्षांत शिकलो होतो. टायटॅनियम मऊ असतं, चिवट असतं, चाकावरचं जे मिळेल ते अंगात ओढून घेतं — हेही मला माहीत होतं. पण पेशी पितळेने मरतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. एवढं एक खरंच माहीत नव्हतं. ते बाजूला काढून ठेवा. माझी चूक तिथे नाही.

दोन आठवड्यांनी बाईंनी मला निरोप पाठवला. गेलो. पडदे लावलेले होते, टेबलावर फोटोंच्या ओल्या प्रती पसरल्या होत्या. बाईंचा चेहरा उतरला होता.

"पेशी मरायल्यात, मानेभाऊ. तुमच्या नव्या चकत्यांवर. सगळ्याच नाही, पण निम्म्याच्या वर."

मी फोटो हातात घेतला. हिरवं असायला हवं तिथे काळे पट्टे होते. एकाशेजारी एक, सगळे एकाच दिशेला किंचित वाकलेले. मधल्या चिंचोळ्या जागांत काही पेशी पेटलेल्या.

मला काय दिसलं ते तुम्हाला कळायला हवं. तोवर मी पंचवीस वर्षं धातूवरच्या खुणा वाचत आलो होतो. भाग हातात घेतला की तो कुठल्या यंत्रावरून आला, कामगाराने उजवा हात लावला की डावा, तो घाईत होता का, हे मी सांगतो. तो फोटो बघितला आणि एका क्षणात मला कळलं. ते बफच्या चाकाचे ओरखडे होते. बाळारामचा हात उजवीकडून खाली येतो, तस्सेच. चाकाने जिथे जिथे पितळ ओढून नेलं तिथे तिथे पेशी मेल्या होत्या. एवढ्या विद्वानांच्या इमारतीत तो फोटो वाचू शकणारा मी एकटा माणूस होतो.

बाई माझ्याकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "एक विचारू का? राग मानू नका. ह्या चाकावर लावल्या का?"

मी म्हणालो, "नाही."

विचार करायला वेळ नव्हता असं नाही. भरपूर होता. पंखा बंद होता, खोलीत आवाज नव्हता, त्या उत्तराची वाट बघत होत्या. मी आणखी म्हणालो, "तुम्ही दोनदा रेघ मारून दिलीत, मग मी कसा लावेन? ही चमक बारीक पेपरची आहे, हाताने घासून आणलेली."

त्यांनी लगेच मान हलवली. "नाही, मला वाटलंच. पण विचारावं लागतं." आणि वर माझीच माफी मागितल्यासारखं हसल्या.

हा झाला खोटेपणा. पण थांबा, एवढंच असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता. खोटं मी आयुष्यात पुष्कळ बोललोय. भाव करणारा माणूस खोटं बोलल्याशिवाय उभाच राहत नाही.

कमिटी आली त्या दिवशी मला केबिनमध्ये खुर्ची मिळाली. पाहुण्यांसमोर मी 'आमचे इंडस्ट्रियल पार्टनर' होतो. बशीसकट कपात चहा. मुंबईचे तीन दंतवैद्य, टाय लावलेले. माझ्या चकत्या त्यांनी उजेडात धरून पाहिल्या, एक म्हणाला, "ब्यूटिफुल." आणि मग बाई आत येऊन फोटो मांडायला लागल्या. त्यांना बसायला सांगितलं नाही. खुर्च्या संपल्या होत्या, एक माझ्या बुडाखाली होती.

बाईंनी सगळं सरळ सांगितलं. काचेवरच्या पेशी जगल्या. परदेशी तुकड्यावरच्या जगल्या. जुन्या चकत्यांवरच्या जगल्या. नव्या चकत्यांवरच्या मेल्या. कारण अजून कळलेलं नाही, दोन महिने द्या.

डायरेक्टरसाहेबांचं तोंड कडू झालं. पाहुण्यांसमोर शोभा झाली होती. ते माझ्याकडे वळले. "माने, काय आहे हे? तुमच्या मालात काही दोष?"

दोष आहे म्हटलं असतं तर काय झालं असतं? ऑर्डर गेली असती. ती खुर्ची गेली असती. आणि त्यांचं ते 'आपल्या लोकांना जमायचं नाही' खरं ठरलं असतं, त्यांच्याच तोंडावर, माझ्याच तोंडून. मला हे तिसरं सहन होत नव्हतं. मी म्हणालो —

मी म्हणालो, "साहेब, माल समोर आहे. त्यात तोंड बघून घ्या. माझ्याकडून तो स्वच्छच निघतो. इथे आल्यावर परदेशी तुकडा बंद पाकिटातून निघतो, माझी चकती मात्र आधी बाई स्वतः धुतात. आता कुणाच्या हाताची स्वच्छता मी काय सांगणार?"

बोललो. आवाज न चढवता, अगदी नम्रपणे. आणि बोलताना मला पूर्ण ठाऊक होतं मी काय करतोय. दाराबाहेरचा कोनाडा आणि कप बघत वाढलेला मी माणूस. हातांबद्दलचा तो शब्द कुणाला कुठे लागतो, आणि तो ऐकायला कोण टपून बसलेलं असतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. तोच शब्द मी दुसऱ्या कुणा बाईंबद्दल काढला असता तर कुणीतरी विचारलं असतं, पुरावा काय? इथे कुणी विचारलं नाही. एका दंतवैद्याने फाइलवरचं नाव वाचलं आणि शेजारच्याला हळूच म्हणाला, "साळवे ना? मग बरोबर." शेजारचा हसला नाही, फक्त चहा प्यायला.

काळे पट्टे समोर पडले होते. एका दिशेने जाणारे, मोजून घ्यावेत असे. हाताची घाण अशी रांगेत बसते का हो? आणि जुन्या चकत्याही त्याच हातांनी धुतल्या होत्या, त्यांच्यावरच्या पेशी जगल्या कशा? एकाने वाकून नीट बघितलं असतं तरी माझं ढोंग फुटलं असतं. एवढे शिकलेले चार पुरुष, आणि त्यांना सातवी पास टर्नरचा एक इशारा पुरला. मला त्यांची किळस आली. तेव्हाही आली, आताही येते. पण त्यांना तो इशारा ज्याने दिला तो कोण होता? ते निदान मूर्ख होते. मला तर फोटो वाचता येत होता.

बाईंनी आपले दोन्ही हात टेबलावरून उचलले आणि मागे घेतले. फोटो तिथेच राहिले.

त्यानंतर त्यांनी काय केलं ते सांगतो. मला वाटलं होतं त्या माझ्यावर चवताळतील. मी तयारीत होतो, उलट उत्तरं जुळवून ठेवली होती. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. चाकावर लावल्या नाहीत असं मानेभाऊ सांगतात, म्हणजे लावल्या नसणार. मग उरलं काय? फक्त धुणं उरलं. म्हणजे आपलेच हात. महिनाभराने मी गेलो तेव्हा त्या सिंकपाशी उभ्या होत्या. कोपरापर्यंत हात घासत होत्या — साबण, मग स्पिरिट, मग पुन्हा साबण. बोटांची सालं निघालेली, नखांच्या कडेने चिरा. मला बघून म्हणाल्या, "कुठं चुकायले, तेच कळंना, भाऊ. सात वेळा धुतले तरी मरायल्यातच."

मी म्हणालो, "होतं असं कधीकधी."

होतं असं कधीकधी. हे माझे शब्द.

वर्षअखेर त्यांना कायम केलं नाही. शेवटच्या दिवशी त्या थर्मास पिशवीत घालून बसने गेल्या म्हणे. मी त्या दिवशी तिकडे फिरकलो नाही.

नव्या चकत्यांवर पेशी मेल्या आणि त्यापायी बाईंची नोकरी गेली, हे बाळारामला कुठून तरी कळलं. आगरी माणूस, आडपडदा नाही. चाक बंद करून म्हणाला, "शेट, बाईंना सांगला का, आपुन पितलेच्या चाकावर घासली म्हनून?"

मी त्याच्यावर ओरडलो. काय बोललो ते सांगत नाही. तो परत चाकाकडे वळला, पण त्या दिवसापासून त्याने माझ्यासमोर विडी पेटवली नाही, माझी काडीपेटी मागितली नाही.

आणि मग मी जे केलं ते माझ्या हुशारीचं काम होतं. मी पितळेचं चाक त्या चकत्यांपासून दूर ठेवलं. कागदावर होतं तसं केलं — लेथ, पेपर, पाणी, साबण. गुपचूप. साहेबांना सांगितलं की कमिटी बघून गेली, आता चमकीवर उगाच वेळ कशाला घालवायचा. नव्या चकत्या गेल्या. बाईंच्या जागी डायरेक्टरसाहेबांच्या ओळखीतला एक तरुण आला होता. बाईंचाच रंग, बाईंचीच पडद्याची खोली, बाईंचीच पंखा बंद करायची पद्धत. त्याने फोटो काढला — हिरवागार. एकही काळा पट्टा नाही.

साहेब खूश. सगळ्यांसमोर हसत म्हणाले, "बघा. हात बदलले आणि काम झालं."

कळलं का तुम्हाला? मी माझी चूक दुरुस्त केली, आणि ती दुरुस्तीच बाईंच्या विरुद्धचा पुरावा झाली. तोवर निदान शंका तरी होती. मी ती शंकाही धुऊन टाकली. आणि मी त्या हसण्यात हसलो. मला खुर्ची मिळालेली होती.

पुढे ते काम फारसं चाललं नाही. अनुदान थांबलं, साहेब बदलले. माझं काही बिघडलं नाही. त्या ओळखीवर मला दुसरी कामं मिळाली, गाळ्याचे दोन गाळे झाले.

आता शेवटचं. इतका वेळ ज्याच्याभोवती फिरतोय ते हे.

साळवेबाई गेल्यानंतर आठ-नऊ महिन्यांनी गाळ्यावर एक अंतर्देशीय पत्र आलं. अक्षर ओळखीचं, तेच दोनदा रेघ मारणारं. जालन्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागल्या होत्या. लिहिलं होतं की औरंगाबादच्या कॉलेजातल्या एक ओळखीच्या बाई त्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथली प्रयोगशाळा वापरू देणार आहेत. सूक्ष्मदर्शक साधाच आहे, पण जमवता येईल. नोकरीसाठी नाही, कुणाला दाखवायलाही नाही. 'मला एकदा बघायचं आहे की माझ्या हातून पेशी जगतात का. तुमच्याकडे असतील तर साध्या घासणीच्या दोन चकत्या पाठवा. टपालखर्च मी देईन. वहिनींना नमस्कार.'

दोन चकत्या. कबुली मागितली नव्हती. कुणापुढे मान खाली घालायची नव्हती. साहेबांना कळलं नसतं, धंद्याला धक्का लागला नसता. पाकिटात घालून पोस्टात टाकायच्या, एवढंच. त्यांच्यावर पेशी जगल्या असत्या, आणि त्या बाईला आपले हात परत मिळाले असते. मला एक शब्दही बोलावा लागला नसता.

पण मग त्यांना कळलं असतं. हात चांगले, तर त्या चमकणाऱ्या चकत्या वाईट. चकत्या वाईट, तर माने खोटा. जालन्यात बसून एका बाईला, जिच्या हातात माझं काहीही वाकडं करण्याची ताकद नव्हती, माझ्याबद्दल खरं काय ते कळलं असतं. मला ते नको होतं. त्या मला भला माणूस समजत होत्या. ते मला हवं होतं. आजही त्याहून चांगलं कारण मला सापडलेलं नाही.

त्या दिवशी माझ्या टेबलाच्या खणात साध्या घासणीच्या तीसेक चकत्या पडून होत्या. मी पत्र घडी घालून त्यांच्यावर ठेवलं आणि खण लावला. उत्तर लिहिलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.